साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

दरवर्षी १६ सप्टेंबरला सकाळचा चहा व्हायच्या आत फोन वाजायला लागतो. गायिका सूरश्री केसरबाई केरकरांचा स्मृतिदिन. गाण्यातली माणसं एकमेकांना तीच एक भैरवी पाठवतात, ‘जात कहाँ हो’. सोबत जोडलेले हात, ‘विनम्र अभिवादन’ आणि ‘अतिशय दुर्मिळ’. जी चीज सकाळी नऊच्या आत सहा जणांकडून येते तिला दुर्मिळ का म्हणायचं, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. मागच्या वर्षी मात्र एक उद्योग केला. आलेल्या सहाही प्रती एकापाठोपाठ एक लावल्या आणि पेटी घेऊन बसलो.

सहा प्रतींत चार षड्ज, म्हणजे चार वेगवेगळे ‘सा’ निघाले. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची प्रत यांच्यात जवळजवळ अर्ध्या स्वराचं अंतर. एका प्रतीत खरखर अजिबात नाही, पण तंबोराही नाही; बाई जणू रिकाम्या गोदामात गातायत. एकीचा शेवट तीन-चार सेकंद आधीच तोडलेला. एकीवर फोटो भलत्याच बाईंचा. बाई एक, गाणं एक, ध्वनिमुद्रण एक, आणि माझ्या फोनमध्ये चार वेगवेगळ्या उंचीच्या केसरबाई! हे कसं झालं ते मागे मागे जात शोधायचं ठरवलं. त्या शोधाची ही हकिगत.

रेकॉर्ड इतक्या कमी का

केसरबाई गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. जन्म १३ जुलै १८९२चा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझ्यांकडे, मुंबईत आल्यावर थोडे दिवस भास्करबुवा बखल्यांकडे अशी तुकड्यातुकड्यांनी तालीम झाली. खरी तालीम १९२१पासून, अल्लादिया खाँसाहेबांची. तोवर बाईंची तिशी जवळ आलेली. त्या वयात सगळं विसरून पुन्हा पहिल्या पलट्यापासून बसायचं म्हणजे काय, ते गाणं शिकणाऱ्याला सांगायला नको.

जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. तोवर रेकॉर्ड कंपन्यांना हिंदुस्थानात येऊन चार दशकं उलटली होती, तरी खाँसाहेबांच्या आवाजाची सगळ्यांनी मान्य करावी अशी एकही रेकॉर्ड नाही. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहून ठेवलंय. ते वाचून माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, पण गमकेची तान कशी निघत असेल ते कागदावरून कसं कळणार?

शिष्येचं नशीब जरा बरं. केसरबाईंच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड निघाल्या; राग ललत, कुकुभ बिलावल, नट कामोद, ललिता गौरी, मारू बिहाग, आणि भैरवी. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन, फार तर साडेतीन मिनिटं. ज्या गायकीत विलंबित तीनतालाचं एक आवर्तन श्वासाच्या हिशेबात मांडायचं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ऐकणाऱ्याने जीव मुठीत धरून बघायचं, ती गायकी साडेतीन मिनिटांत बसवायची म्हणजे पैठणी काडेपेटीत कोंबण्यासारखंच. तरी त्या तीन मिनिटांत राग आहे, अख्खा आहे. कुकुभ बिलावल लावून बघा.

बाई रेडिओपासून लांब राहिल्या. पानाच्या ठेल्यावर आपला आवाज वाजतोय आणि खाली लोक थुंकतायत हे त्यांना खपणारं नव्हतं, असं सांगतात. १९६३-६४च्या सुमारास, आवाज ठीक असतानाच, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. १९६९ला पद्मभूषण मिळालं. म्हणजे हातात उरलं काय? मोजक्या बाजारी रेकॉर्ड, आणि कुणाकुणाच्या दिवाणखान्यात स्पूल टेपवर धरलेल्या काही बैठका. त्या बैठका बाईंच्या मर्जीने धरल्या की डोळा चुकवून, हे प्रत्येक टेपगणिक वेगळं.

एक रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या दुकानात

‘जात कहाँ हो’ची पुढची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धी माहीत असते. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड आहे, पृथ्वीवरच्या गाण्या-वाजवण्याचे २७ नमुने असलेली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या मंडळींनी निवड केली तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने हिंदुस्थानी संगीतासाठी हीच रेकॉर्ड सुचवली. नाव ठरलं, पण रेकॉर्ड कुठेच मिळेना. त्याच मंडळींतल्या ॲन ड्रुयान यांनी ती न्यूयॉर्कमध्ये शोधून काढली. लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. तिथे पत्त्यांच्या टेबलाखाली एक खोका होता आणि खोक्यात न उघडलेल्या तीन प्रती. ड्रुयान तिन्ही घेऊन निघाल्या तेव्हा या बाईला एकाच गाण्याच्या तीन रेकॉर्ड कशाला हव्यात, यावर दुकानदार मंडळींत चांगलीच चर्चा रंगली.

ज्या बाईंना ठेल्यावर वाजायचं नव्हतं त्यांचा आवाज इस्त्री-मिक्सरच्या दुकानातून निघाला आणि अंतराळात गेला. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ला. केसरबाई गेल्या त्यानंतर अकरा दिवसांनी.

इथवरचं सगळे सांगतात. मला रस आहे त्या रेकॉर्डच्या झाकणात.

झाकणावर रेकॉर्ड कशी वाजवायची त्याची आकृती कोरलेली आहे. सुई सोबत दिलेली आहे आणि ती कुठे टेकवायची तेही दाखवलंय. एका फेरीला ३.६ सेकंद लागतील, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेऱ्या. परग्रहावरच्याला सेकंद कुठून ठाऊक असणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाचा काळ हे माप घेऊन वेग लिहिलाय. १४ स्पंदक ताऱ्यांच्या आधाराने सूर्याचा पत्ता दिलाय. आणि तारीख? झाकणावर अतिशुद्ध युरेनियम-२३८चा छोटा ठिपका आहे. त्याचं अर्धं व्हायला साडेचार अब्ज वर्षं लागतात, तेव्हा किती उरलं ते मोजून रेकॉर्ड केव्हाची हे काढता येईल.

वेग, पत्ता, तारीख. गाणाऱ्यांची नावं मात्र झाकणावर नाहीत. आमच्या फोनवर नेमकं उलटं घडतं. नाव असतं, कधी भलताच असला तरी फोटोही असतो, बाकी कशाचाच पत्ता नसतो. (५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे, हे जाता जाता. आमच्याकडे ती शुभेच्छाही दर १ मेला फिरते.)

अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डवाल्यांना ही अडचण पक्की माहीत होती. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं धरलं. साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कामगाराला कुठलं गाणं कुणाचं हे कसं कळावं? म्हणून गाणं संपलं की बाई ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. ‘माय नेम इज गौहर जान’ ऐकून आज आपण हसतो, पण ती चिठ्ठीच होती, गाण्याच्या पोटात चिकटवलेली. पुढे लेबलं छापणं सुरळीत झालं आणि ही पद्धत गेली. केसरबाईंच्या रेकॉर्डवर असली चिठ्ठी नाही. लेबल फाटलं की फक्त आवाज.

अर्ध्या स्वराचा हिशेब

आता माझ्या सहा प्रती. लाखेची रेकॉर्ड (७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेच्याच असत) मुळातून उतरवताना काय काय चुकतं ते मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या बहुतेक चुका मी करून बसलोय. पहिली रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे सुताराच्या पोरालाही माहीत असतं, पॉलिश त्याचंच तर करतात. कापूस फिरवला आणि कापसावर काळपट चॉकलेटी डाग आला. आधी वाटलं, बघा किती मळ निघतोय! तो मळ नव्हता, गाणं होतं. नशिबाने ती रेकॉर्ड केसरबाईंची नव्हती. आता डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, आणि लेबलावर ओला हात नाही.

दुसरी चूक सुईची. एल.पी.ची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डची, बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि तळात साचलेली घाणच वाजवते. रुंद टोकाची सुई लावली की तीच रेकॉर्ड निम्मी स्वच्छ वाटते. पुष्कळ जण सुई न बदलता नंतर कॉम्प्युटरवर खरखर पुसत बसतात. मग तंबोरा जातो. बिचाऱ्या सॉफ्टवेअरची त्यात चूक नाही. न थांबता एकसारखं वाजत राहणारं ते सगळं खरखर, असा त्याचा हिशेब, आणि तंबोऱ्याचं काम तर तेच असतं. माझी ती गोदामातली प्रत अशीच तयार झाली असणार.

तिसरी चूक वेगाची, आणि माझे चार षड्ज मुख्यतः तिच्यामुळे. ‘७८’ हे नाव म्हणून ठीक. जुन्या रेकॉर्ड कधी ७४, कधी ८० फेऱ्यांनीही धरलेल्या असत, आणि आपलं यंत्र खरंच ७८वर फिरतंय की नाही हेही बघावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे पुठ्ठ्याची एक चकती आहे, कडेला ७७ रेघा काढलेली. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुना दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चकती फिरवून वर तो दिवा धरायचा. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग ७७.९२. पुढे पळू लागल्या की यंत्र जलद, मागे सरकल्या की मंद. एल.ई.डी.च्या उजेडात हा खेळ बहुतेकदा जमत नाही, म्हणून टेबलाखाली एक म्हातारी ट्यूब जपून ठेवलीय.

७४ने धरलेलं ७८ने वाजवलं तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं, पेटीच्या पांढरी पाच पट्टीतलं शेजारच्या काळी चारात जातं. लयही त्याच प्रमाणात वाढते. ऐकणारा म्हणतो, काय तयारी आहे तानेची! तयारी निम्मी बाईंची, निम्मी मोटारची. हे गाणं कुठल्या पट्टीतलं हे रेकॉर्डवर लिहिलेलं नसतं, तेव्हा एकाच गायिकेच्या दोन-चार रेकॉर्ड शेजारी ठेवून, आवाजाचा पोत आणि श्वासाची लांबी बघून ठरवावं लागतं. त्यात अंदाज आहेच. माझं म्हणणं इतकंच की अंदाज केला तर तो लिहून ठेवावा. सहापैकी एकाही प्रतीसोबत कुठल्या वेगाने, कुठल्या सुईने, मूळ लाखेवरून की नंतरच्या एल.पी.वरून उतरवलं याची एक ओळ नव्हती.

१९५२चा मालकंस

भैरवी निदान छापील रेकॉर्डवरची. खाजगी बैठकांचं त्याहून अवघड. आमच्यात काही वर्षं एक मालकंस फिरत होता: ‘केसरबाई, अप्रकाशित, १९५२’. मीही तो चार जणांना पाठवला, आकड्यासकट. मग एका ओळखीच्या घरी वडील गेल्यावर कॅसेटची खोकी निघाली आणि त्यांनी ती माझ्याकडे आणून टाकली. त्यातल्या एका सी-९० वर, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, निळ्या शाईत फक्त ‘केसर. दादरचं.’ लावली, तर तोच मालकंस, पण सबंध. सुरुवातीला तंबोरे जुळतायत, कपबश्या वाजतायत, कुणीतरी ‘खिडकी लावा रे’ म्हणतंय. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते तिथे ताना अर्ध्यात तुटतात आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच आवर्तनात उगवतात. फिरणाऱ्या प्रतीत हा सांधा कुणीतरी सफाईने जोडून टाकला होता, तंबोरे-कपबश्या-खिडकी उडवली होती आणि ‘वाहवा’ही वगळले होते.

कॅसेट आपल्या घराघरांत आली सत्तरीच्या अखेरीस. बाईंनी गाणं थांबवलं त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ही कॅसेट मूळ असूच शकत नाही. कुठल्याशा स्पूलची ती नक्कल, किंवा नकलेची नक्कल, आणि प्रत्येक यंत्राचा वेग थोडा इकडेतिकडे. मग ते १९५२ कुठून आलं? ज्याने मला पाठवलं त्याला विचारलं, त्याने त्याच्याआधीच्याला. पाचव्या माणसापाशी उलगडा झाला. निवृत्त गृहस्थ, संग्रह अगदी टापटीप. म्हणाले, “अहो, ते साल नव्हे. १९ नंबरचं खोकं, ५२ नंबरची कॅसेट.” मध्ये कुणीतरी रेघ गाळली आणि बैठकीला साल मिळालं.

ती गाणारी केसरबाईच का, हेही मी आता छातीठोकपणे सांगत नाही. ‘केसर’ हे कॅसेटवरचं अक्षर आणि आपले कान, एवढाच पुरावा. खिडकी लावायला सांगणारा आवाज कुणी ओळखला असता तर घर सापडलं असतं, घरावरून कदाचित वर्षही. नेमका तोच उडवलेला.

संग्राहकांचा एक वर्ग आहे जो असलं काही कुणाला देतच नाही. ‘आहे आमच्याकडे’ म्हणून गालात हसतात. देवाणघेवाण असते तीही तोलून मापून: तुमचा बिहागडा द्या, मग बघू. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता थोडा कमी येतो, कारण त्यांच्या कपाटात निदान मूळ स्पूल शाबूत असते. अर्थात माणूस गेला की मुलं ते कपाट रिकामं करतात, आणि व्हिनेगरसारखा वास मारायला लागलेली ॲसिटेटची टेप भंगारवाला किलोवर नेतो. तेव्हा न देणाऱ्याचं पुण्यही फार काळ टिकत नाही. मुंबईत १९९०पासून रेकॉर्ड-संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. तिथल्या मंडळींनी रेकॉर्डच्या याद्या, क्रमांक, सालं जुळवण्याचं जे चिकाटीचं काम केलंय त्यावर आमच्यासारख्यांची मदार आहे. रेकॉर्डवर लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक कसा वाचायचा, हे मला अशाच माणसांनी भिंगासकट शिकवलं.

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९५०ची रेकॉर्ड असेल तर २०१०च्या अखेरीस मोकळी. बाजारी ७८च्या बाबतीत म्हणून फारशी चिंता नाही. पण बैठकीची टेप कधी प्रकाशितच झाली नाही, मग ६० वर्षं मोजायची कुठून? कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क कायद्यात आला १९९४ला, आणि गाण्याची मोडतोड करून नावाला बट्टा लावला तर दाद मागायची सोय २०१२ला. केसरबाईंच्या हयातीत यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे एकच उपाय होता, ‘बंद करा ते’ म्हणण्याचा.

आणि त्या तसं म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं वाटतं. म्हणून मी काय करतो? रेकॉर्डवरचं गाणं त्यांनी स्वतः उभं राहून दिलेलं आहे, ते बिनधास्त पाठवतो. बैठकीचं फक्त शिकणाऱ्यांना, सबंध, न कापता, आणि टेप ज्या घरातून आली त्या घराला विचारून. तुकडा तोडून स्मृतिदिनाला फिरवत नाही. हा माझा नियम. कुणी कडक म्हणेल, कुणी पळवाट म्हणेल. अल्लादिया खाँसाहेबांचं असं चोरून धरलेलं पाच मिनिटांचं काही उद्या निघालं, तर मी हा नियम किती वेळ पाळीन ते मात्र विचारू नका.

या वर्षी १६ सप्टेंबरला मीही ‘जात कहाँ हो’ पाठवलं. एका स्नेह्यांकडची लाखेची प्रत, नीट धुऊन, रुंद सुईने, ७७.९२ फेऱ्यांनी, खरखर तशीच ठेवून. खाली सात ओळी: प्रत कुणाकडची, लेबलावर काय छापलंय, कोरलेला क्रमांक, वेग, सुई, कधी उतरवलं, आणि ‘वेगाबद्दल खात्री नाही, पट्टी अंदाजाने’. दुपारपर्यंत अकरा जणांचे जोडलेले हात आले. संध्याकाळी एकाने लिहिलं, “फार सुंदर. ते खालचं काढून नुसतं गाणं पाठवाल का? पुढे पाठवायला बरं पडेल.”